शून्य ठोके

साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा
पाऊण मीटर उचलायचा आणि सोडायचा.
नळी तीस सेंटिमीटर आत जाईस्तोवर
ठोके मोजायचे, वहीत लिहायचे.
एकवीस वर्षं हेच करतो आहे.
माती किती सोसते याचा पगार मिळतो.

वडाळ्याला, मिठागरामागच्या प्लॉटवर,
तिसऱ्या बोअरला, नवव्या मीटरवर
लखिंदरने हातोडा नुसता टेकवला नळीवर.
सोडलाही नव्हता.
नळी आपली आपण उतरत गेली
म्हातारं माणूस खुर्चीत बसतं तशी.
"साब, कितना?"
शून्य, मी म्हणालो. शून्य लिही.

वर सगळा भराव:
विटांचे तुकडे, कुणाच्या तरी मोरीची फरशी,
एका चपलेचा अंगठा.
मग तो राखाडी चिखल, मुठीत धरावा तर
बोटांच्या फटींतून निघून जाणारा,
कालवांच्या शिंपा, खारफुटीचं एक मूळ,
अजून ओलं, अजून खारट.
तेविसाव्या मीटरवर मुरूम
आणि त्याखाली एकदाचा काळा पाषाण.
पेटीत ठेवला तेव्हा टणकन वाजला.
लखिंदरने त्याला नमस्कार केला. मीही केला असेन.

शेजारच्या चाळीतली पदीबाई पाणी घेऊन आली.
"आमी हितं फली टाकून चालायचो.
तुमी काय टाकनार?"
पाईल, मी म्हणालो.
"फाईल आमची पन हाय," ती म्हणाली,
"तशिलदाराकडं. बावीस वरसं."

विक्रीच्या ऑफिसात काचेखाली मॉडेल होतं.
अठ्ठावीस मजले, स्पंजची झाडं,
निळ्या प्लास्टिकचा पोहायचा तलाव.
जमीन म्हणजे प्लायवूड
आणि प्लायवूडखाली टेबलाचे चार पाय.
दर मजल्याला चौरस फुटामागे साठ रुपये जास्त,
असं टाय लावलेला पोरगा सांगत होता.
वर जाण्याचे दर त्याला पाठ होते.
खालचे तेवीस मीटर
कुठल्याच कागदावर विकायला नव्हते.

माझा मेव्हणा हेरंब, बँकेतून लवकर सुटलेला,
सगळे पैसे एका पाकिटात असल्यासारखा बसलेला.
बाविसाव्या मजल्यावर बोट ठेवून म्हणाला,
"तू बघितलीयस ना इथली माती? घेऊ?"
घे, मी म्हणालो.
हिचे पाय खडकात जाणार आहेत,
हिला काही होत नाही.
खरंच सांगितलं.
जेवढं विचारलं तेवढं.

नऊ वर्षांनी वास्तुशांत नव्हे, सत्यनारायण.
इमारत ओळंब्यात, केसभर हललेली नाही.
पण दारापाशी दोन पायऱ्या होत्या, त्या पाच झाल्यात.
गाड्यांचा उतार तीनदा भरला.
वॉचमनची केबिन खाडीकडे कललेली,
खुर्चीखाली त्याने विटेचा तुकडा सारलाय.
"बिल्डिंग वाढतेय आमची," हेरंब हसला,
"आणि भाव तर दुप्पट."
मी प्रसाद खाल्ला. चांगला झाला होता.
जमीन निघून चालली आहे, हे
शिऱ्याचा द्रोण हातात धरून कसं सांगायचं?

उतरलो आणि चाळीकडे वळलो.
तिला पाईल नव्हती, फळ्याही नव्हत्या,
नुसती चिखलावर ठेवलेली, एका ताटासारखी.
पदीबाई ओळखेना. मग ओळखलं.
भिंतीवर भेगेवर आडव्या
काचेच्या पट्ट्या चिकटवलेल्या,
प्रत्येकीवर तारीख, कुण्या इंजिनिअरच्या अक्षरात.
पाचांतल्या चार तडकलेल्या.
"काच फुटली का सांगा, बोलले.
कुनाला, ता नाय सांगितला."

मी पेन काढलं. वही नव्हती,
सत्यनारायणाच्या पत्रिकेची पाठ होती.
केव्हा फुटली, विचारलं.
तिने तारीख सांगितली,
मग भेगेत बोट घातलं
आणि अंगठ्याने खूण धरून
मला दाखवलं:
दीड पेर.